फाटकाबाहेर ओळख नाही

“नवरा असावा तर असा,” ती बाई म्हणाली आणि चष्म्याच्या दुकानातल्या उंच स्टुलावर बसल्या बसल्या तिने शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याच्या दंडावर कौतुकाने थाप मारली. काउंटरच्या अलीकडे मापाची पट्टी घेऊन उभी असलेली, दुकानात काम करणारी ती त्या दंडाकडेच बघत होती. दंड ओळखीचा होता. कोपराच्या जरा वर कुंपणाची तार लागून उमटलेली पांढरी रेघ होती, आणि ती तार लागली तेव्हा जखमेवर फडकं बांधणारी हीच होती. दर रविवारी शेतावर हा माणूस दोन्ही हातांत पाण्याचे डबे घेऊन तिच्या वाफ्यापर्यंत यायचा आणि “घे गं मिरचे, पी आणि शांत हो” म्हणून हसायचा. त्याला सगळे भोपळा म्हणत. खरं नाव तिला माहीत नव्हतं, त्यालाही तिचं माहीत नव्हतं, आणि आत्ता, दुकानाच्या पांढऱ्याफटक उजेडात, त्याने एकदा तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि मान वळवून भिंतीवरच्या फ्रेमी न्याहाळायला लागला. तिनेही तेच केलं. दोघांनी नियम पाळला. फाटकाबाहेर ओळख नाही. रस्त्यात, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही समोरासमोर आलात तरी तुम्ही एकमेकांचे कुणी नाही.

बायको बोलकी होती. चष्मेवाल्या मालकांनी विचारलं असेल-नसेल, ती सांगतच सुटली. “रविवारी लोक झोपा काढतात आणि आमचे हे सेवेला जातात. शहराबाहेर ते एड्सच्या लोकांचं शेत आहे ना, तिथे. त्यांना खणून देतात, पाणी घालून देतात. बिचाऱ्यांच्या अंगात ताकद कुठली! मी म्हणते, जा, अडवत नाही, पण हातमोजे घाला. येताना भाजी आणतात. आधी मी ती भाजी घरात घेत नव्हते हं, खोटं कशाला बोलू? आता खाते. आणि रोज रात्री भोपळ्याचं सूप. माझ्यासाठी. स्वतःच्या हाताने. मला त्या वेळी स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीत.” मालक “वा, वा” म्हणाले. भोपळा खाली मान घालून हसला. कौतुक ऐकून लाजणारा माणूस हसतो तसाच हसला. ती पट्टी घेऊन पुढे झाली, कारण दोन बुबुळांमधलं अंतर मोजणं हे तिचं काम होतं. “समोर बघा, माझ्या नाकाकडे,” ती म्हणाली. बाईचं उजवं बुबुळ तिच्या नाकावर येऊन थांबलं. डावं जरा बाजूला, हवेत, कुणी नसलेल्या ठिकाणी बघत राहिलं.

त्याआधी मालकांनी पाटीवरची अक्षरं वाचायला लावली होती. उजव्या डोळ्याने बाईने खालच्या ओळीपर्यंत मजल मारली. डाव्याने सगळ्यात वरचं, तळहाताएवढं अक्षरही नाही. “खालून पडदा सरकत वर येतो हो,” ती म्हणाली होती, “आणि काळे ठिपके. आधी वाटलं माश्याच आहेत, हाकलत बसले वेड्यासारखी.” मालकांनी भिंगावर भिंग चढवलं आणि नंबर वाढलाय, चष्मा लागला की सगळं पळून जाईल असं छातीठोक सांगितलं. नंबर! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेतावर लसूण म्हणून एकजण होता. त्याच्याही डोळ्यासमोर आधी ठिपके, मग पडदा. तोही असाच कुठल्याशा दुकानात चष्म्यावर चष्मे बदलत बसला, आणि शेवटी मोठ्या हॉस्पिटलात गेला तेव्हा एक डोळा संपलेला होता. रक्तातली ताकद अगदी तळाला गेली की हा आजार डोळ्याचा आतला पडदा खातो, असं सिस्टरने तेव्हा सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं होतं. भोपळा हिच्या शेजारीच बसला होता. गवताची काडी चघळत होता. म्हणजे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून तो बायकोला चष्म्याच्या दुकानात घेऊन आला होता, आणि आत्ता विचारत होता, “तपकिरी फ्रेम दाखवाल का? तिला तपकिरी शोभते.”

तिने तपकिरी फ्रेम दाखवली. बाईच्या कानामागे दांडी बसवताना केसांखालचं हाड हाताला लागलं, गालाची ढिली कातडी लागली, ओठांच्या कोपऱ्यातल्या पांढरट चिरा दिसल्या. हे सगळं तिने आरशात, स्वतःच्या तोंडावर पाहिलेलं होतं. बोटांत रबरी टोप्या होत्या. काचा घासताना बोट कापलं तर, म्हणून ती कामावर कायम त्या घालायची, आणि मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, आमच्याकडे स्वच्छता किती बघा. चष्मा पुढच्या आठवड्यात मिळेल असं सांगून झालं. दारातून बाहेर पडताना बाईचा डावा खांदा चौकटीवर आपटला. ती हसली, “धांदरट मेली,” असं स्वतःलाच म्हणाली, आणि भोपळ्याने तिच्या कमरेला हात लावून तिला पायरी उतरवली. मागे वळून बघितलं नाही. का बघेल? ओळख कुठे होती!

मागच्या खोलीत काचा घासण्याचं यंत्र होतं. ते सुरू केलं की दुसरं काही ऐकू येत नाही, आणि ती रोज त्याच आवाजात शिव्या देऊन घ्यायची. कधी वहिनीला. वहिनी तिची ताटवाटी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायची आणि तिने शेतावरून आणलेला पालक मात्र दोन्ही हातांनी उचलायची. हातची भाजी चालत होती, हातचा पेला चालत नव्हता. कधी भावाला, कारण तो हे बघून न बघितल्यासारखं करायचा. पण सगळ्यात जास्त शिव्या मेलेल्या नवऱ्याला. नवरा शक्तीच्या गोळ्या घ्यायचा. बाटलीवर घोड्याचं चित्र होतं. लग्न झाल्यापासून घोड्याच्या चित्राची बाटली कपाटात होती आणि ती दर महिन्याला त्याला आठवण करून द्यायची, अहो, तुमच्या शक्तीच्या गोळ्या संपत आल्या. बाटली घोड्याची, आतल्या गोळ्या ह्याच आजाराच्या; काय हसला असेल तो मनात. तो गेल्यावर हॉस्पिटलातल्या एका शिकाऊ डॉक्टरने तिला सहज विचारलं, तुमची तपासणी कधी झाली होती, आणि तिला प्रश्नच कळला नाही. घरी आली तर खोलीभर माणसं बसलेली. सासू, दीर, घरचा डॉक्टर, नवऱ्याचा जिवलग मित्र. तिने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि एकेक तोंड खाली गेलं. सगळ्यांना माहीत होतं. सगळे तिच्या हातचा चहा प्यायले होते, तिच्या चेष्टा केल्या होत्या, पाळणा कधी हलणार म्हणून विचारलं होतं, आणि सगळे मूग गिळून बसले होते. नवऱ्यावरचा राग एक वेळ विझला असता. मेलेल्या माणसाशी भांडून भांडणार किती! पण त्या खोलीतल्या खाली गेलेल्या माना तिला आजही दिसायच्या, आणि दिसल्या की यंत्राखाली काच फुटायची.

शेत नसतं तर ती उरली नसती हेही तितकंच खरं. शेत म्हणजे शहराच्या पाणीपुरवठ्याची जुनी, वापरात नसलेली, पाणी गाळायची कुंडं होती, मागे उंच भिंत, पुढे लोखंडी फाटक. निवृत्त झालेल्या एका सिस्टरने कुणाकुणाच्या हातापाया पडून ती जागा मिळवली होती. तिचा हिशेब सरळ होता. गोळ्या उपाशीपोटी सोसत नाहीत, पोट भरायला काम लागतं, आणि आजाराचं नाव काढलं की काम सुटतं. तेव्हा निदान ताटातली भाजी तरी कुणाच्या उपकाराची नको. नवा माणूस आला की सिस्टर त्याच्यासमोर बियांच्या पुड्यांची पिशवी धरायची आणि डोळे मिटून एक पुडी काढायला लावायची. जे हाताला लागेल ते पहिल्यांदा पेरायचं आणि तेच आपलं नाव. हिला मिरची लागली. दुधी लागला असता तर मी शांत झाले असते, असं ती म्हणायची, आणि भोपळा म्हणायचा, तू दुधी लावला असतास तरी तो तिखटच निघाला असता. आणखी एक रीत होती. जो आजारी पडून आला नाही त्याच्या वाफ्यातलं तण आधी काढायचं, आपला वाफा नंतर. हिच्या छातीत क्षयाने घर केलं त्या वर्षी ही अंथरुणाला खिळली होती, आणि हिचा वाफा भोपळ्याने राखला. भाजीची पिशवी तो हिच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाला अडकवून जायचा. दार वाजवायचा नाही, थांबायचा नाही. हीच घामाने निथळत, भिंतीला धरून, खांबापर्यंत जायची. कित्येक दिवस जगण्याचं कारण एवढंच होतं की खांबाला पिशवी लटकलेली असेल. ज्या माणसासाठी जीव टाकावा त्याच माणसाचं नरडं धरावंसं वाटत होतं, आणि हे दोन्ही एकाच छातीत मावत नव्हतं.

रविवारी ती सगळ्यांच्या आधी फाटकावर पोचली. भोपळा आला, टोपी काढून सिस्टरला नमस्कार केला, मुळ्याच्या पाठीत गंमतीने बुक्का मारला, आणि हिला बघून म्हणाला, “काय मिरचे, आज सकाळीच नाकातोंडातून धूर?” जणू काही घडलंच नव्हतं. फाटकाच्या आत तो भोपळा होता, सगळ्यांचा लाडका, सगळ्यांचे डबे वाहणारा. मागच्या वर्षी तंग होणारा शर्ट आता अंगावर लोंबत होता. ती त्याला शेणखताच्या ढिगामागे घेऊन गेली.

“बायकोला सांगितलंयस?”

“फाटकाबाहेरचं बोलायचं नाही, मिरचे.”

“तिचा डावा डोळा गेलाय, भोपळ्या. गेलाय. मी जे भिंग घासतेय त्याने काही दिसणार नाही तिला. उजवाही जाईल. नंतर तीही जाईल. तुला कळतंय का?”

“तुझे मालक म्हणाले ना नंबर आहे म्हणून.”

“लसणालाही असंच कुणीतरी म्हणालं होतं. तू काडी चघळत ऐकत होतास.”

तो कुंडाच्या कठड्यावर बसला. हातातलं खुरपं त्याने मातीत खुपसलं, काढलं, पुन्हा खुपसलं. मग दुखावलेल्या आवाजात म्हणाला, “तुला काय वाटतं, मी तिला वाऱ्यावर सोडलीय? औषध चालू आहे तिचं.”

“कुठलं औषध?”

“माझंच. रोज रात्री गोळीचे दोन तुकडे करतो. अर्धी मी घेतो, अर्धी कुटून तिच्या सुपात. भोपळा गोड असतो, चव कळत नाही.” आणि वर बघून, शाबासकीची वाट पाहणाऱ्या तोंडाने, तो म्हणाला, “स्वतःच्या तोंडातली काढून देतोय गं. कोण देतं?”

तिच्या हातात गाजरांची टोपली होती. ती तिने त्याच्या अंगावर फेकली. गाजरं ढिगावर, मातीत, त्याच्या मांडीवर पडली आणि तो ती वेचायलाच लागला, सवयीने, एकेक पुसून. “अर्धी!” ती ओरडली. “वाटून खायला तो काय पेरू आहे? अर्धी गोळी म्हणजे आजाराला औषध पचवायची शिकवणी लावणं, सिस्टर घसा कोरडा करून सांगते! तुलाही पुरत नाही, तिलाही पुरत नाही. दोघांचाही मुडदा पाडतोयस आणि वर मला त्याग ऐकवतोस?” तो गाजरं वेचत राहिला. मग हळूच बोलला. “ती सोडून जाईल मला. सगळ्या बिल्डिंगमध्ये सांगत फिरते, आमचे हे सेवा करतात. देव समजते मला. एकदा बोललो तसं, लाज वाटली म्हणून, की सेवेला जातो. मग मागे फिरताच येईना. रोज वाटतं आज सांगू. तू बोलतेस गं. तुला सोडून जायला कुणी उरलंच नव्हतं.” हे त्याने वाईट हेतूने म्हटलं नव्हतं हे तिला कळलं, आणि म्हणूनच ते खोल घुसलं. तिला त्याची कीव आली नाही. यावी असं वाटत होतं, जुन्या दिवसांसाठी तरी, पण आली नाही.

सिस्टरने सगळं ऐकून घेतलं. चष्मा कपाळावर चढवून, डोळे चोळत, ती अवजारांच्या खोलीच्या पायरीवर बसली. “अर्धी गोळी,” ती दोनदा म्हणाली. “मी बोलते त्याच्याशी. आजच बोलते. पण तू तोंड उघडायचं नाहीस.”

“आणि ती आंधळी झाली तर?”

“अगं, मला वाटत नाही का काही? पालक आठवते ना तुला? एकाने बाहेर एक शब्द काढला, चांगल्या मनाने काढला, आणि सासरच्यांनी तिला मुलांसकट रस्त्यावर आणलं. त्यानंतर अर्धी माणसं यायची बंद झाली. त्यातली किती गेली ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. हे फाटक फक्त ह्या एका गोष्टीवर उभं आहे.”

वाफ्यांवरची खुरपी थांबली होती. सगळ्यांनी ऐकलं होतं. मुळा, जो एरवी तिच्या प्रत्येक विनोदाला सगळ्यात मोठ्याने हसायचा, तो उकिडवाच बसून म्हणाला, “आज त्याचं सांगशील, उद्या माझं सांगशील.” तिने बाकीच्यांकडे बघितलं. एकेक मान खाली गेली. आणि ही तिची माणसं होती, हिच्या खोकल्याच्या दिवसांत हिच्यासाठी खपलेली, जगात दुसरं कुणी नसलेली. त्यांच्या भीतीत खोटं काही नव्हतं. प्रत्येकाच्या पाठीमागे एक घर होतं, एक नोकरी होती, कुणाचं शाळेत जाणारं पोर होतं. ती सगळी घरं तिला दिसत होती आणि तरी तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. तिच्या जिभेवर आलं, की तुमच्या घरातल्या बायकांनाही असंच सूप पाजता का रे? पण ती गप्प बसली, कारण मुळ्याची बायको इथेच, तिसऱ्या वाफ्यावर, वांगी म्हणून होती, आणि ती आधीच रडत होती.

मधले दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. ती तपकिरी फ्रेमीची काच घासायला घ्यायची आणि बाजूला ठेवायची. मालक विचारायचे, एवढी एक काच का रखडलीय? एकदा सिस्टरचा फोन आला. भोपळ्याशी बोलणं झालं होतं, तो रडला होता, विचार करतो म्हणाला होता. विचार! माणूस विचार करत असतो तेव्हा रात्री स्वयंपाकघरात गोळीचे तुकडे करणं थांबतं का? ती रस्त्याने चालताना लोकांवर चिडायची, बसमध्ये जागा न देणाऱ्यांवर, जागा देणाऱ्यांवरही. घरी वहिनीने वरच्या फळीवरून ताट काढायला सांगितलं तेव्हा तिने ते काढलं आणि खालच्या फळीवर, सगळ्यांच्या ताटांच्या मधोमध, खणकन आपटलं. दुसऱ्या दिवशी ताट परत वर होतं. तिला वाटत होतं, आपणही आता त्या खोलीतल्या माणसांसारखेच झालो आहोत, आणि हे मनात आलं की ती ते झटकून टाकायची. आपलं वेगळं आहे, आपण बोललो आहोत, भोपळ्याशी बोललो, सिस्टरशी बोललो. फक्त जिच्याशी बोलायचं तिच्याशी बोललो नाही. शेवटी काच घासली, फ्रेमीत बसवली, पुसली. चष्मा सुंदर झाला होता.

ती बाई एकटीच आली. नवऱ्याची आज ड्यूटी होती. दाराशी आल्यावर तिने आधी हाताने चौकट चाचपली, मग पाऊल आत टाकलं. आठवड्यात एवढा फरक. गळ्याशी साडीची पिन सैल झाली होती. ती स्टुलावर बसली आणि धाप लागल्यासारखी थोडा वेळ नुसतीच हसत राहिली. हिने तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, नाकाशी टेकू सारखा केला.

“हां, उजव्याने स्वच्छ दिसतंय,” बाई म्हणाली. मग उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. हात तसाच राहिला. “डाव्याला काहीच नाही हो. मागच्या वेळी निदान धुकं होतं.”

“सवय होईल,” मालक गल्ल्यावरून म्हणाले. “नव्या चष्म्याची सवय व्हायला वेळ लागतो.”

सवय होईल. ह्या दोन शब्दांनी तिने आत जे काही इतके दिवस दातओठ खाऊन धरून ठेवलं होतं ते सुटलं. भीती वाटेल असं तिने धरलं होतं. तसं काही झालं नाही. फक्त संताप होता, आणि संतापाने आवाज उलट खाली आला.

“ताई,” ती म्हणाली, “त्या शेतावर सेवेला कुणी येत नाही.”

“अं?”

“शेतावर. तुमचे मिस्टर येतात तिथे. मी तिथलीच आहे. मला एचआयव्ही आहे. तिथे वाफा करणाऱ्या प्रत्येकाला आहे. सेवेकरी म्हणून तिथे कुणी नाही.”

बाई हसली. “काहीतरीच काय,” ती म्हणाली, आणि मालकांकडे बघितलं, ही बाई चेष्टा करतेय ना, अशा नजरेने. मालक गल्ल्यामागे उभे राहिले होते. “आणि ते सूप,” ती तशीच पुढे बोलली, थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं, “त्यात त्यांच्या गोळीचा अर्धा तुकडा असतो. त्यांना वाटतं त्याने तुम्ही वाचाल. नाही वाचत. दोघांनाही पुरत नाही ती. हा चष्म्याचा नंबर नाही, ताई. मोठ्या हॉस्पिटलात चला. आज. आत्ता. रक्त तपासलं, पुरं औषध सुरू झालं, तर उजवा डोळा राहील. माणूस चांगला जगतो. मी जगतेय, बघा.”

मालक आधी ओरडले. काय बरळतेस, गिऱ्हाइकाशी असं बोलतात का. मग त्यांच्या लक्षात आलं की ती स्वतःबद्दल काय बोलली, आणि ते एक पाऊल मागे सरकले. काउंटरवर जिथे जिथे तिचे हात टेकले होते तिथे तिथे ते फडक्याने पुसायला लागले. पुसता पुसताच म्हणाले, “तरीच त्या रबराच्या टोप्या. उद्यापासून येऊ नकोस.” तिने बोटांतल्या टोप्या काढून, एकेक करून, त्यांच्या पुसलेल्या काचेवर ठेवल्या.

बाईने चष्मा काढला होता आणि तो दोन्ही हातांत धरून ती उजव्या डोळ्याने त्याच्याकडे बघत होती. “कडवट लागायचं,” ती म्हणाली. “मी म्हणायचे, भोपळा जून असेल. ते म्हणायचे, हो, जूनच आहे.” मग तिने मान वर केली. चेहरा ओढल्यासारखा झाला होता आणि त्यात आता लाडिक, बोलकं असं काही उरलं नव्हतं. “त्या दिवशी तुम्ही माझ्या डोळ्यांत एवढ्या जवळून बघत होता. ते शेजारी उभे होते. तेव्हाच माहीत होतं तुम्हाला?”

“हो.”

“आणि मला चष्मा विकलात.”

तिच्याकडे उत्तर होतं. नियम होता, पालक होती, तिची मुलं होती, मुळा, वांगी, लसूण, सिस्टरची पायरी होती, सगळं खरं होतं. त्यातलं काहीही ह्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं. इतकी वर्षं राग बाहेरच्या बाजूला फेकायची सवय झालेली. आज तो पहिल्यांदा आत वळला. बाई स्टुलावरून उतरली. चष्मा काउंटरवर ठेवला. “हॉस्पिटल कुठल्या बाजूला?” एवढंच विचारलं, आणि हिने हात पुढे केला तेव्हा तो झटकून टाकला. “हात लावू नका मला. मागे येऊ नका.”

ती मागे गेली. रस्त्यावर दुपारची गर्दी होती. बाई भिंतीच्या कडेकडेने चालत होती, पदर मुठीत आवळून, आणि डाव्या बाजूने येणारी माणसं, हातगाड्या, सायकली तिच्या अंगावर येईपर्यंत तिला कळत नव्हत्या. एका पोत्यांच्या ढिगाला ती धडकली, सावरली, कुणालातरी शिवी दिली. मग ही तिच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, चालायला लागली. त्या बाजूने ती दिसत नव्हती. सायकलवाल्याला हाताने थोपवायची, हातगाडीवाल्याला डोळ्याने दटावायची, वाटेतला दगड पायाने बाजूला सारायची. मनात ती भोपळ्याला शिव्या घालत होती, नवऱ्याला घालत होती, आणि त्या शिव्यांच्या रांगेत आता स्वतःचंही नाव होतं, खरं नाव, शेतावरचं नव्हे. रविवारी फाटक आपल्यासाठी उघडेल का, हे तिला माहीत नव्हतं. वाफ्यातल्या मिरच्या पिकून लाल झाल्या असतील, त्या कुणी तोडेल की नाही, हेही नाही. असल्या वेळी मिरच्यांचं काय सुचतंय म्हणून तिला आणखीच चीड आली.

मोठ्या चौकात दोघी थांबल्या. गाड्यांचा नुसता लोंढा चालला होता. बाई कडेला उभी होती, समोर बघत, गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते ती पुसत नव्हती. मान न वळवता ती म्हणाली, “आहात ना तिथे?”

“आहे,” ही म्हणाली.

“लपून काय चालताय चोरासारख्या? सगळे लपूनच करता का तुम्ही लोक?” बाईचा आवाज फाटला. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. “या इकडे. दिसेल अशा बाजूला या.”

ती तिच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला आली. बाईने तिच्याकडे एकदा, नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. तोंडात मारेल की काय असं हिला वाटलं, आणि तिने मारलं असतं तर ही हलली नसती. गाड्या थांबल्या. दोघी रस्ता ओलांडायला लागल्या.